स्ट्रिंगची लांबी कुणी ठरवायची? एडा भाषेतल्या एका ओळीचं रसग्रहण

एडा या प्रोग्रॅमिंग भाषेत 'स्टँडर्ड' नावाचं एक पॅकेज असतं. ते मागून घ्यावं लागत नाही, प्रत्येक प्रोग्रॅमला ते आपोआप लाभतं. पूर्णांक म्हणजे काय, खरं-खोटं म्हणजे काय, अक्षर म्हणजे काय, हे सगळं त्यात सांगून ठेवलेलं आहे. स्ट्रिंग म्हणजे काय, हेही तिथेच एका ओळीत येतं: टाइप स्ट्रिंग इज ॲरे, मग कंसात पॉझिटिव्ह रेंज आणि त्याला लागून <> हे चिन्ह, शेवटी ऑफ कॅरेक्टर. आठ शब्द आणि एक चिन्ह. मजकूर हाताळण्याबद्दल वेगवेगळ्या भाषांच्या पुस्तिकांत जे काही मी वाचलं आहे, त्यात इतकी नेमकी आणि इतका दूरचा विचार केलेली ओळ मला दुसरी दिसली नाही. तिचा एकेक शब्द सावकाश वाचण्यासारखा आहे. सगळ्यात जास्त थांबायचं ते त्या चिन्हापाशी.

ही ओळ कुठून आली ते आधी पाहू. 1970च्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्यात शेकडो प्रोग्रॅमिंग भाषा वापरात होत्या आणि त्या सांभाळण्याचा खर्च डोईजड झाला होता. 1975 साली त्यासाठी एक कार्यगट बसवला गेला. भाषा कशी हवी याचे मसुदे एकामागून एक निघाले. त्यांची नावं मोठी बोलकी होती: आधी गवताचा माणूस 'स्ट्रॉमन', मग लाकडाचा, मग पत्र्याचा, मग लोखंडाचा, आणि 1978मध्ये पोलादाचा, 'स्टीलमन'. चार गटांनी चार भाषा रचल्या. परीक्षकांना रचनाकार कळू नयेत म्हणून त्यांना फक्त रंगांची नावं होती. 1979मध्ये हिरवी भाषा निवडली गेली. ती फ्रान्समधल्या ज्याँ इश्बिया यांच्या गटाची होती. तिला एडा लव्हलेस यांचं नाव दिलं. लष्करी प्रमाणाचा क्रमांक 1815 ठेवला, कारण त्या वर्षी एडांचा जन्म झाला, आणि मंजुरीही त्यांच्या वाढदिवशी, 10 डिसेंबर 1980 रोजी दिली. भाषेचं पहिलं पक्कं रूप 1983चं. स्ट्रिंगची ती ओळ तेव्हापासून तिथे आहे. तिचा शेवटचा शब्द 'कॅरेक्टर' तेवढा मधल्या काळात वाढला: 1983मध्ये त्यात 128 अक्षरं होती, 1995मध्ये 256 झाली. ओळ मात्र जशीच्या तशी राहिली.

त्या ओळीचं मोल कळायचं तर तिच्या आधीच्या दोन भाषा डोळ्यांसमोर हव्यात. निकलाउस विर्ट यांची पास्कल 1970ची. ती टाइपांच्या बाबतीत कडक होती: ज्या जातीचा चल, त्याच जातीची किंमत त्यात ठेवता येणार. हा कडकपणा तिने लांबीलाही लावला. दहा अक्षरांचा ॲरे हा एक टाइप, बारा अक्षरांचा ॲरे हा दुसरा टाइप, आणि दोघांचं एकमेकांशी नातं नाही. परिणाम असा की 'कुठलाही मजकूर दे, मी त्यातले स्वर मोजतो' अशी साधी प्रोसिजर मूळच्या पास्कलमध्ये लिहिता येत नसे. दहा अक्षरांसाठी एक लिहा, बारांसाठी वेगळी लिहा. ब्रायन कर्निघन यांनी 1981 साली पास्कलवर जो प्रसिद्ध टीकालेख लिहिला, त्यात हीच तक्रार सगळ्यात ठळक होती. पुढे प्रत्येक कंपायलरवाल्याने आपापली वाट काढली. टर्बो पास्कलने पहिल्या बाइटमध्ये लांबी ठेवली आणि त्यामुळे 255 अक्षरांच्या पुढे जाता येईना.

दुसरी भाषा सी. तिने लांबी कुठेच लिहिली नाही. मजकूर जिथे सुरू होतो तो पत्ता द्यायचा, आणि शून्य किमतीचा बाइट येईपर्यंत वाचत जायचं. या रचनेत लवचीकपणा भरपूर आहे, पण समोर जागा किती आहे हे विचारायला जागाच नाही. 2 नोव्हेंबर 1988 रोजी मॉरिस वर्म इंटरनेटवर पसरला, त्याची एक वाट इथूनच गेली. 'फिंगर' सेवेच्या प्रोग्रॅमने 512 बाइटांचा बफर ठेवला होता आणि 'गेट्स' हे फंक्शन वापरून त्यात ओळ वाचली जात होती. 'गेट्स'ला बफर केवढा आहे हे सांगायची सोयच नाही. वर्मने 536 बाइट पाठवले. सी भाषेच्या प्रमाणातून हे फंक्शन निघायला 2011 साल उजाडलं.

म्हणजे पास्कलने लांबी टाइपात कोंबली आणि सीने ती वाऱ्यावर सोडली. आता ते <> चिन्ह पाहा. एडावाले त्याला 'बॉक्स' म्हणतात. त्याचा अर्थ असा: या ॲरेचे क्रमांक धन पूर्णांक असतील, हे आत्ताच ठरलं, ते कुठून कुठपर्यंत, हे आत्ता ठरत नाही, ज्याला स्ट्रिंग हवी आहे त्याने ते त्या वेळी ठरवावं. टाइप एकच. दहा अक्षरांची असो की दहा हजारांची, स्ट्रिंग ती स्ट्रिंगच. लांबी ही त्या टाइपावर घातलेली मर्यादा आहे, टाइपाची जात नाही. त्यामुळे स्वर मोजणारी प्रोसिजर एकदाच लिहिता येते, आणि तिच्या हाती आलेली प्रत्येक स्ट्रिंग आपल्या सीमा बरोबर घेऊन येते. 'फर्स्ट', 'लास्ट', 'लेंग्थ' असं विचारलं की उत्तर मिळतं. शून्याचा बाइट शोधत भटकावं लागत नाही.

रिकामी ठेवलेली जागा म्हणजे रचनाकारांनी टाळलेला निर्णय, असं कुणी म्हणेल. माझं मत उलट आहे. निर्णय कुणी घ्यायचा हा यातला मोठा निर्णय आहे, आणि तो त्यांनी त्या चिन्हात घेतला आहे. भाषा म्हणते, लांबी तुम्ही ठरवा; पण ठरवलीत की मी ती लिहून घेईन आणि पुढे प्रत्येक वेळी तपासेन. एडातलं स्ट्रिंगचं सगळं शास्त्र या एका वाक्याभोवती फिरतं.

एक उदाहरण जवळून पाहू. 'तारीख' नावाची एक स्ट्रिंग आहे आणि तिच्यात 1815-12-10 हा मजकूर आहे. दहा अक्षरं, क्रमांक 1 ते 10. यातला महिना हवा आहे, म्हणून 6 ते 7 हा तुकडा घेतला. एडात याला 'स्लाइस' म्हणतात. या तुकड्याची लांबी दोन. पण त्याचं पहिलं अक्षर कितव्या क्रमांकावर? नवखा माणूस सांगेल, एक. एडा सांगते, सहा. तुकडा मूळ मजकुरातून निघाला तरी आपले क्रमांक सोडत नाही. तो एखाद्या प्रोसिजरला दिला आणि तिने आत 'पहिलं अक्षर दे' या अर्थी 1 हा क्रमांक वापरला, तर प्रोग्रॅम तिथेच 'कन्स्ट्रेंट एरर' देऊन थांबतो, कारण या स्ट्रिंगमध्ये 1 नावाची जागाच नाही. 'फर्स्ट' लिहिलं असतं तर सहा मिळाले असते आणि काम झालं असतं.

पहिल्यांदा हे कटकटीचं वाटतं. मला मात्र ही रचना अतिशय सुंदर वाटते. तुकड्याला कुठून आलो हे माहीत असतं. त्यात एखादं चिन्ह सापडलं, तर त्याचा क्रमांक थेट मूळ तारखेतला क्रमांक असतो, मध्ये बेरीज-वजाबाकी करावी लागत नाही. आणि जिथे हे क्रमांक अडचणीचे ठरतील तिथे भाषा हट्ट धरत नाही. 6 ते 7 हा तुकडा उचलून दुसऱ्या स्ट्रिंगच्या 1 ते 2 या जागी ठेवायचा असेल, तर ठेवता येतो. लांबी जुळली पाहिजे, क्रमांक जुळायची गरज नाही. अक्षरं नव्या जागेवर सरकून बसतात. कडक कुठे राहायचं आणि सैल कुठे सोडायचं, याची ही जाण फार थोड्या भाषांना आहे.

आता ओळीतला 'पॉझिटिव्ह' हा शब्द. क्रमांक 1पासून सुरू होतात, शून्यापासून नाही. यावर प्रोग्रॅमर मंडळी हिरिरीने वाद घालतात. त्या वादात न शिरता एकच गोष्ट दाखवतो. एडात लांबी मोजायला 'नॅचरल' हा सबटाइप आहे, तो शून्यापासून सुरू होतो. क्रमांकाला 'पॉझिटिव्ह', तो एकपासून. लांबी शून्य असू शकते, कारण रिकामी स्ट्रिंग ही रीतसर स्ट्रिंग आहे. तिच्या सीमा 1 ते 0 अशा असू शकतात. आता मजकुरात काही शोधणारं 'इंडेक्स' फंक्शन घ्या. ते सापडलेल्या जागेचा क्रमांक देतं आणि सापडलं नाही तर शून्य देतं. शून्य हा या स्ट्रिंगमध्ये कधीच क्रमांक असू शकत नाही. 'सापडलं नाही' हे उत्तर आणि 'इथे सापडलं' हे उत्तर यांची गल्लत होण्याची वाटच बंद आहे. कुणी उत्तर न तपासता ते शून्य तसंच क्रमांक म्हणून वापरलं, तर अक्षर काढायच्या क्षणी चूक पकडली जाते. एका शब्दाच्या निवडीतून हे सगळं साधलं आहे, आणि त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागलेला नाही.

मग प्रश्न येतो बदलत्या लांबीचा. माणसाचं नाव, पत्ता, कीबोर्डवरून आलेली ओळ यांची लांबी आधी कशी कळणार? इथे बरेच जण गडबडतात. स्ट्रिंग ठरावीक लांबीची असते असं वाचल्यावर त्यांना वाटतं, लांबी प्रोग्रॅम लिहितानाच ठरली पाहिजे. तसं नाही. ती ठरते स्ट्रिंग घोषित होते त्या क्षणी, आणि तो क्षण प्रोग्रॅम चालू असतानाचा असू शकतो. 'डिक्लेअर' हा ब्लॉक उघडा, आत एक स्ट्रिंग घोषित करा, सीमा देऊच नका, आणि सुरुवातीची किंमत म्हणून 'गेट लाइन' फंक्शनचं उत्तर द्या. हे फंक्शन 2005च्या आवृत्तीत आलं. वापरणाऱ्याने सहा अक्षरं टाइप केली तर सहाची स्ट्रिंग, साठ केली तर साठाची. त्यानंतर ब्लॉक संपेपर्यंत लांबी बदलणार नाही. ब्लॉक संपला की जागा मोकळी झाली, तुम्ही काही आवरायचं नाही. प्रत्यक्ष कामात बदलत्या लांबीच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कितीतरी गरजा अशाच असतात: लांबी आधी माहीत नसते, पण कळल्यावर बदलायची नसते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे बहुतेक भाषा प्रोग्रॅमरला जाणवूच देत नाहीत. एडात त्या वेगळ्या वाचता येतात.

तरीही मजकूर ठरलेल्या रकान्यात बसवायची वेळ येतेच. फाइलमधलं रेकॉर्ड, छापायचा तक्ता, उपकरणावरची दहा अक्षरांची पट्टी. 1995च्या आवृत्तीने यासाठी तीन पॅकेजं दिली: फिक्स्ड, बाउंडेड आणि अनबाउंडेड. फिक्स्डमधली 'मूव्ह' ही प्रोसिजर रसिकाने मुद्दाम वाचावी. तिला उगम आणि लक्ष्य अशा दोन स्ट्रिंग द्यायच्या. सोबत तीन गोष्टी सांगता येतात: जास्तीचं कुठून टाकायचं, मजकूर कुठल्या बाजूला बसवायचा आणि उरलेली जागा कशाने भरायची. काहीच सांगितलं नाही तर मजकूर डावीकडे बसतो, उरलेल्या जागी स्पेस भरली जाते, आणि जास्तीचं असेल तर ते न टाकता 'लेंग्थ एरर' येते.

दहा जागांचा रकाना घ्या. रोमन लिपीत सातारा सहा अक्षरांचं, ते बसतं आणि मागे चार स्पेस येतात. पंढरपूर बरोबर दहा. इचलकरंजी मात्र बारा अक्षरांची. 'मूव्ह' ती कापत नाही, चूक दाखवते. कापायचीच असेल तर उजवीकडून कापा किंवा डावीकडून कापा असं तुम्ही लेखी सांगायचं. सी भाषेत याच कामासाठी लोक 'स्ट्रिंग एन कॉपी' वापरतात. ते पहिली दहा अक्षरं मुकाट्याने उतरवतं, शेवटची दोन सोडतं, आणि जागा न उरल्यामुळे शेवटचा शून्य बाइटही लिहीत नाही. मूळ युनिक्समध्ये फाइलींची नावं ठरीव रकान्यात ठेवण्यासाठी ते बनवलं होतं. तिथे ते योग्यच होतं. पुढे ते सुरक्षित नक्कल करण्याचं साधन म्हणून सर्रास वापरलं गेलं, आणि ते त्याचं कामच नव्हतं.

'मूव्ह'च्या नियमात आणखी एक बारकावा आहे आणि मला तो सगळ्यात जास्त आवडतो. समजा उगम बारा जागांचा आहे, पण त्यात फक्त सातारा आणि मागे सहा स्पेस आहेत. लक्ष्य दहा जागांचं. लांबी जास्त आहे, मग एरर यायला हवी? नाही. उजवीकडची जी दोन अक्षरं सुटणार आहेत ती निव्वळ भरणीची असतील, तर ती सोडून बाकीचं ठेवलं जातं. भरणीखेरीज एक जरी अक्षर सुटणार असेल, तर मात्र एरर. आपल्याकडे अक्षरगणवृत्तात लिहिणाऱ्याला हे लगेच कळेल. भुजंगप्रयाताचा चरण बारा अक्षरांचा, शार्दूलविक्रीडिताचा एकोणीस. आशय अकरात संपला तर कवी एखादा 'हो', 'रे', 'की' घालून चरण पुरा करतो. संस्कृतात च, वै, तु, हि यांना पादपूरणासाठीचे शब्द म्हणूनच ओळखतात. चरण गद्यात उतरवताना ते गाळले तर काही बिघडत नाही. आशयाचा शब्द गाळला तर बिघडतं. 'मूव्ह' हा फरक जाणते. लांबीचा नियम लिहिणाऱ्याने अर्थाचा विचार केला होता, याची ही खूण आहे.

बाउंडेडबद्दल थोडक्यात. इथे तुम्ही कमाल लांबी एकदा ठरवता, समजा 80, आणि त्या मर्यादेत मजकूर वाढतो-घटतो. 80 कमाल असलेली आणि 40 कमाल असलेली स्ट्रिंग हे दोन वेगळे टाइप आहेत, ते थेट एकमेकांत मिसळत नाहीत. मधे साध्या स्ट्रिंगमधून जावं लागतं. पास्कलचा कडकपणा इथे परत आला असं वाटेल. पण इथे तो तुम्ही मागून घेतलेला आहे. शेवटी जोडताना 'डावीकडून टाका' असं सांगितलं की जुनी अक्षरं गळत जातात आणि अलीकडची 80 राहतात. उपकरणाच्या ताज्या नोंदी दाखवायला हे अगदी सोयीचं.

अनबाउंडेडमध्ये लांबीची मर्यादा नाही. आतली जागा पॅकेज स्वतः मागतं आणि स्वतः परत करतं. एक स्ट्रिंग दुसरीला दिली आणि मग एकीत बदल केला, तर दुसरी हलत नाही. ही मोठी सोय आहे. पण या पॅकेजवर माझं प्रेम कमी आहे. साध्या स्ट्रिंगमधून इकडे यायला आणि परत जायला प्रत्येक वेळी रूपांतराचं फंक्शन लिहावं लागतं, आणि ते नाव लांबलचक आहे. लोक वैतागून त्याला बेरजेच्या चिन्हाचं टोपणनाव देतात. अनबाउंडेड मजकूर थेट छापायची सोयही 1995मध्ये नव्हती, ती यायला पुढची आवृत्ती उजाडली. शिवाय विमानाच्या नियंत्रणासारख्या कामांत प्रोग्रॅम चालू असताना मेमरी मागायला बहुधा मनाईच असते. एडा तर नेमक्या अशा जागी रुजलेली भाषा आहे: बोइंग 777च्या यंत्रणांत ती आहे, पॅरिस मेट्रोच्या 1998मध्ये सुरू झालेल्या चालकाविना धावणाऱ्या 14व्या मार्गावरही आहे. तिथे साधी स्ट्रिंग आणि बाउंडेड हीच खरी कामाची. नवशिके सरळ अनबाउंडेडकडे धावतात. मी सुचवेन, आधी डिक्लेअर ब्लॉक आणि साधी स्ट्रिंग वापरून पाहा. दहातल्या बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

या सगळ्या कौतुकात एक गोष्ट नीट सांगायला हवी. मर्यादा ओलांडली की भाषा एरर देते, पण त्या एररचं काय करायचं हे भाषा ठरवत नाही. 4 जून 1996 रोजी एरियान 5 हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे 40 सेकंदांत नष्ट झालं. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेचा प्रोग्रॅम एडात होता. 64 बिटांची अपूर्णांकी किंमत 16 बिटांच्या पूर्णांकात बसवताना ती मावली नाही आणि एरर आली. अशा सात चलांपैकी चारांनाच संरक्षण दिलेलं होतं, हा चल उरलेल्या तिघांपैकी एक. एरर आली ती बरोबरच आली. ती आल्यावर यंत्रणा बंद होणं हे माणसांनी ठरवलं होतं, आणि राखीव यंत्रणेतही तोच प्रोग्रॅम होता. स्ट्रिंगच्या बाबतीतही 'लेंग्थ एरर' मिळाली म्हणजे काम झालं असं नाही. इचलकरंजी रकान्यात मावत नाही हे कळल्यावर काय करायचं, ते लिहिणाऱ्याने लिहायचंच आहे.

आणि आता मराठी. 256 अक्षरांच्या कॅरेक्टरमध्ये देवनागरी नाही. 1995मध्ये 'वाइड स्ट्रिंग' आली, तिच्यात देवनागरी मावते. 2005मध्ये त्याहून मोठी 'वाइड वाइड स्ट्रिंग' आली. 'ज्ञानेश्वरी' हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला चार अक्षरं दिसतात: ज्ञा, ने, श्व, री. वाइड स्ट्रिंगला लांबी विचारली तर ती अकरा सांगते, कारण ज, हलन्ताचं चिन्ह, ञ, काना, न, मात्रा असं सगळं सुटं मोजलं जातं. तोच शब्द यूटीएफ-8 मध्ये साध्या स्ट्रिंगमध्ये ठेवला तर लांबी तेहतीस, कारण तिथे यातलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. तीनही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. पहिल्या क्रमांकाचं अक्षर काढलं तर वाइड स्ट्रिंग 'ज' देईल, 'ज्ञा' देणार नाही. आणि यूटीएफ-8चा मजकूर 32 बाइटांच्या रकान्यात उजवीकडून कापून बसवला, तर शेवटच्या दीर्घ वेलांटीचे तीनपैकी दोन बाइट उरतील. तो मजकूर मग रीतसर यूटीएफ-8 राहतच नाही.

हा दोष एडाचा एकटीचा नाही. पण एडाकडून माझी अपेक्षा जास्त होती. 2012च्या आवृत्तीत यूटीएफ-8साठी पॅकेज आलं, आणि त्यात यूटीएफ-8 स्ट्रिंग हा निव्वळ सबटाइप ठेवला गेला, म्हणजे साध्या स्ट्रिंगचंच दुसरं नाव. ज्या भाषेत 80 आणि 40 कमाल लांबीच्या स्ट्रिंग मिसळू देत नाहीत, त्या भाषेत कॅरेक्टरमधल्या त्या 256 पश्चिम युरोपीय अक्षरांची स्ट्रिंग आणि यूटीएफ-8 बाइटांची स्ट्रिंग एकमेकींच्या जागी बिनदिक्कत चालतात. कंपायलर हूं की चूं करत नाही. माझ्या मते या भाषेच्या स्ट्रिंग-विचारातली ही खरी उणीव आहे, कारण ती भाषेच्या स्वतःच्या तत्त्वाला धरून नाही.

उपाय मात्र भाषेनेच हाती दिलेला आहे आणि तो त्या पहिल्या ओळीइतकाच छोटा आहे. 'सबटाइप' न लिहिता 'टाइप' लिहा, नाव तुमचं, आणि पुढे 'इज न्यू स्ट्रिंग'. साध्या स्ट्रिंगपासून निघालेला पण वेगळा टाइप तयार होतो. मग 'मूव्ह' किंवा 'हेड' असली बाइट मोजून कापणारी प्रोसिजर चुकून मराठी मजकुरावर चालवली, तर कंपायलर तिथेच अडवतो. खरंच चालवायची असेल तर रूपांतर उघडपणे लिहावं लागतं. हाताने स्लाइस पाडण्याची सोय तरीही उरते, तिच्यावर लक्ष तुम्हालाच ठेवावं लागेल. पण अक्षर ओळखून तुकडे पाडणारी आपली फंक्शनं या टाइपाशी जोडता येतात आणि बाकी प्रोग्रॅमने तीच वापरावी असा शिरस्ता घालता येतो. एडात मराठी मजकूर हाताळणाऱ्या प्रत्येकाने ही एक ओळ प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच लिहावी.